खांद्यातली बाबांची गाठ

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या देवबागात एकेका माडाला एकेक भूत चिकटलेलं आहे आणि त्या सगळ्यांची टिंगल करतच मी मोठा झालो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

मी रापणीवर जातो. म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं दोन्ही बाजूंनी दोर धरून किनाऱ्यावर ओढायचं. दोन वर्षांपूर्वी ओढता ओढता माझा उजवा खांदा निखळला. मग त्याला सवयच लागली – शर्ट घालताना निखळायचा, एकदा तर शिंकताना! शेवटी गोव्यातले डॉक्टर म्हणाले, खांदा धरून ठेवणारं लिगामेंट गेलंय, कृत्रिम घालू. पॉलिएस्टरची विणलेली बारीक पट्टी. "पण हीसुद्धा सुटली, तर रापण विसरा." त्या दिवशी घरी येऊन मी रडलो, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशनच्या दिवशी बाबा चक्क फाटकं जाळं पिशवीत घालून हॉस्पिटलात आले. वासामुळे नर्स वैतागली. बाबा म्हणाले, "बाय, माका रिकामा बसूक जमणा नाय." आणि बाहेरच्या बाकावर जाळं सांधत बसले. बाबा डावखुरे. त्यांची गाठ उलट्या बाजूने पडते, वर एक वेढा जास्त. वाडीत त्यावरून त्यांची थट्टा होते.

टाके काढायला गेलो तेव्हा बाबाही ती पिशवी घेऊन सोबत होते. डॉक्टरांनी दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनची क्लिप दाखवली. "इथे गाठ तीनदा निसटली. चौथ्यांदा बसली... कशी बांधली, मलाच कळलं नाही."

बाबा उठून स्क्रीनला नाक लावून उभे राहिले.

"ही माजी गाठ. तुमका कोणी शिकयली?"

डॉक्टर हसले. बाबांनी पिशवीतून तेच जाळं काढून टेबलावर ठेवलं. उलटी गाठ, वर एक वेढा जास्त. डॉक्टर उजव्या हाताचे, मूळचे विदर्भातले, जाळं कधी हातात न धरलेले. ते एकदा स्क्रीनकडे बघत होते, एकदा जाळ्याकडे.

"त्या दिसा भायर बाकार माजीय तीनदा सुटली," बाबा म्हणाले. "चवथ्या खेपेक बसली. तेवाच म्हटलंय, माज्या झिलाचा, पोराचा काम झाला."

माझा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला.

सहा महिने व्यायाम केला आणि गेल्या आठवड्यात पुन्हा दोर धरला. ताण आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. खांदा हलला नाही! जाळ्यात बांगडा फडफडत होता आणि मी वेड्यासारखा हसत होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ते जाळं कुठे फाटलंय ते शोधत होते.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नाही. परवा त्यांचा फोन आला होता – पुढच्या तपासणीला बाबांना नक्की घेऊन या. ती गाठ त्यांना शिकायची आहे. मुद्दाम बांधायला गेलं की जमतच नाही म्हणाले.