मोठ्यानं पुकारलेलं वजन

"एक मण चौतीस शेर!"

सरकी काढायच्या जिनातल्या तोलाऱ्यानं माझं वजन असं पुकारलं. कापसाचं पुकारतात तसं. मी लोखंडी काट्यावर उभी होते. चपला काढलेल्या, पदर मुठीत. समोर सतरंजीवर मंडळाच्या दहा-अकरा बायका. कोणीतरी हसलं. ताईसाहेब म्हणाल्या, "बघा. आणि म्हणे खेड्यात खायला नाही."

मग त्या बायका एकेक करून काट्यावर चढल्या. त्यांचं वजन तोलाऱ्यानं पुकारलं नाही. चिठ्ठीवर लिहिलं, घडी घातली आणि जिची तिच्या हातात दिली.

मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या शनिवारी तसंच. तिसऱ्या शनिवारी मी तोलाऱ्याला हळूच म्हटलं, "नाना, माझीपण चिठ्ठी करा ना." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "पोरी, मले जसं सांगेल शे तसं करस मी."

म्हणजे कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून मी नीट बघायला लागले.

ही गोष्ट जळगावची, स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती तेव्हाची. शहरातल्या काही बायकांना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. एकटीनं जमत नाही म्हणून त्यांनी मिताहार मंडळ काढलं. ताईसाहेब अध्यक्ष. जिन त्यांच्या यजमानांचं, म्हणून काटा तिथलाच. मुलींच्या वसतिगृहाच्या समितीवरही ताईसाहेबच होत्या, आणि मी त्या वसतिगृहात राहत होते. पारोळ्याजवळच्या खेड्यातली मी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. कपाशी वेचून, विहिरीचं पाणी ओढून माझं अंग रुंद झालेलं. ताईसाहेबांनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं. "तू ये मंडळात," म्हणाल्या. "वर्गणी नको तुझी. वळण लागेल." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं होतं.

वजनानंतर कबुली असायची. आठवड्यात जिभेनं कुठे फसवलं ते उभं राहून सांगायचं. वकिलीणबाई सांगायच्या, "सत्यनारायण होता हो. प्रसादाला नाही कसं म्हणणार?" सगळ्या माना डोलवायच्या. दुसरीकडे डोहाळजेवण. तिसरीकडे जावई आलेले, त्यांच्यापुढे श्रीखंडाची वाटी मागे सारणं बरं दिसतं का? प्रत्येकीच्या घासाला कारण होतं, आणि मंडळाला ते पटायचं.

मग माझी पाळी. माझ्याकडे कारण नव्हतं. मी सांगायचे, "मायनं लाडू पाठवले होते. एक खाल्ला."

"का खाल्लास?"

"भूक लागली."

ते मात्र कोणाला पटायचं नाही. ताईसाहेब समजावून सांगायच्या, "भूक नाही ती. हाव आहे. तुमच्याकडे दोन्हींतला फरक शिकवत नाहीत."

मला वसतिगृहात संध्याकाळी एकच पोळी वाढायचा हुकूम झाला होता. रात्री वाचताना अक्षरं हलायची. फारच झालं की एखाद्या सकाळी कॉलेजात जाण्याआधी मी पेटी उघडून एक लाडू खायचे. शेंगदाणे आणि गूळ. दुसरं काही नाही त्यात. आणि शनिवारी उभं राहून तो कबूल करायचे. कधी एक खाल्लेला असला तरी दोन सांगायचे. दोन सांगितले की ताईसाहेब जास्त मायेनं बोलायच्या. असं मी का केलं, ते अजून नीट सांगता येत नाही.

एक मात्र लक्षात येत होतं. माझी कबुली झाली की बायका मोकळ्या व्हायच्या. हसायच्या, चहा मागवायच्या. मला फुकट का घेतलं असेल, हा प्रश्न त्या चहाच्या वेळी पहिल्यांदा मनात आला. मी तो दाबला. वसतिगृहातली जागा त्यांच्या हातात होती. जागा गेली तर कॉलेज गेलं.

मग एके दिवशी ताईसाहेबांनी मला कागद दिला आणि सांगितलं, मायला लिही. मी लिहिलं. "माझा माझ्या जिभेवर ताबा नाही. तू खाऊ पाठवून माझं नुकसान करतेस. यापुढे पाठवू नकोस." खाली माझी सही. मायला वाचता येत नाही. गावात पत्र शाळेचे मास्तर वाचून दाखवतात, ओट्यावर, चार माणसांत. हे मला माहीत होतं. तरी मी सही केली.

पुढच्याच शनिवारी माय आली. पत्र ऐकून तिला वाटलं, मी आजारी आहे, आणि कोणीतरी मला हे लिहायला लावलं आहे. पहिल्या मोटारीत बसली. वसतिगृहात मी नव्हते, म्हणून विचारत विचारत जिनात आली. पायांना धूळ, काखेत पत्र्याचा डबा.

"काय व्हयनं तुले? आजारी शे का?" तिनं दारातूनच विचारलं.

मी काही बोलायच्या आत ताईसाहेब म्हणाल्या, "या बाई, बसा. बरं झालं आलात. मुलगी चांगली आहे तुमची, पण खाण्यावर संयम नाही तिचा. त्या डब्यात काय आहे?"

मायनं डबा पुढे केला. "लाडू शेतस. भूक लागस तिले. कामनी पोर शे ती."

"तेच तर!" ताईसाहेब सगळ्यांकडे बघून म्हणाल्या. "तुम्हीच बिघडवता आणि मग आम्ही निस्तरायचं."

माय उभीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या बायकांकडे पाहिलं, आणि हात जोडले. "मन्हं चुकनं, बाई."

लाडू केले म्हणून ती माफी मागत होती.

डबा सतरंजीवर राहिला. वकिलीणबाईंनी झाकण काढलं, वास घेतला. "अगं बाई, शेंगदाण्याचा आहे की! माझा आज शनिवार. उपासाला चालतो हा." आणि एक लाडू उचलला. शेजारणीनं अर्धा मोडून घेतला. ताईसाहेबसुद्धा म्हणाल्या, "मला एवढासा तुकडा द्या. नुसती चव." त्यांच्या दाताखाली गूळ वाजला. मला तो आवाज आला.

मी उठले. डबा उचलून झाकण लावलं.

"ताईसाहेब," मी म्हणाले, "तुमच्या तोंडात तो उपास आणि माझ्या तोंडात हाव. असं कसं?"

वकिलीणबाईंनी हातातला लाडू पदराआड घेतला.

"मला भूक लागत होती. एक पोळी पुरत नव्हती. यापुढे मी काट्यावर चढणार नाही आणि कबुलीही देणार नाही."

"वसतिगृहात राहायचंय ना तुला?" त्यांनी विचारलं. आवाज मऊच होता.

"राहायचंय. काढायचं असेल तर कारण लेखी द्या. वजन उतरलं नाही म्हणून काढलं, असं लिहा. आणि खाली तुमची सही करा."

त्यांनी लेखी काही दिलं नाही. पुढच्या वर्षीच्या जागा भरल्या आहेत, एवढंच शिपायाकडून कळवलं. मी दुसऱ्या दोन मुलींबरोबर कापूसबाजाराच्या मागे एक खोली घेतली. भाकरी आम्ही स्वतः थापायचो. तिथून कॉलेजात जायला पाऊण तास चालावं लागायचं. मी चालले.

माय त्या दिवशी परतीच्या मोटारीत बसेपर्यंत एकच विचारत होती, "मन्हं काय चुकनं, पोरी?" मला तिला सांगता आलं नाही की काहीच नाही. त्या पत्राखाली सही माझी होती.

ती सही पुसता येत नाही. पण आता मी ठरवलं आहे. माझ्या पोटाचा हिशोब मी कोणापुढे देणार नाही. कोणी फुकट वळण लावायला आलं, तर आधी विचारेन, यात तुम्हाला काय मिळतं? उत्तर येईपर्यंत उभीच राहीन. आणि माझ्या मायला कोणापुढे हात जोडू देणार नाही. समोर माझं भलं करणारा माणूस असला, तरी नाही.