भरल्या ओटीचं दार

तवा घरात सासूबाई, मी अन् काखेतली माझी लेक कासी, एवढ्याच व्हतो. आज सुनंनं चुलीला माती कालवली, त्या वासानं सगळं डोळ्यापुढं आलं. बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडून आल्यावर कोरड्या भाकरीला मधमाश्यांसाठी भिंतीत बसवलेल्या मडक्यातला मध तेवढाच व्हता, अन् गांधीलमाश्या आतल्या मधमाश्या खायल्या व्हत्या.

मी मडक्याचं तोंड लिंपून तुरीच्या काडीनं बारीक भोक ठेवलं. गांधीलमाशी अडली, पर पायाला फुलांची पिवळी भुकटी घेऊन आलेल्या मधमाश्याबी भाईरच ऱ्हायल्या.

सासूबाई हसल्या, "येडे, भरल्या ओटीच्या हायत त्या. दार जरा रुंद कर."

मी भोकात काडी फिरवून ते जरा मोठं केलं. मधमाश्या एकामागं एक आत गेल्या, गांधीलमाशी भाईरच. तेवढ्याशा फरकावर त्यांचं घर तगलं. मी बघतच ऱ्हायले.

तुमच्या भिंतीत मोहळ असंल तर जाळू नका, त्याचं दार तेवढं बेताचं ठेवा.