बेरिलनं राखलेलं भूत

कल्पना करा, तुम्हाला एक फूल राखायचं आहे. कुंपण घालता येत नाही, कारण कुंपण दिसलं की लोक विचारतात, आत काय आहे? पाटी लावता येत नाही. रोज एकाच वाटेनं जाता येत नाही, कारण पाचोळ्यात पायवाट पडते आणि मग कुणीही त्या पायवाटेनं चालत येतं. जवळ गुडघे टेकलेत, तर उठताना त्या जागचा पाचोळा काठीनं सारखा करायचा. वाटेत कुणी भेटलं तर त्या दिशेला बघायचंसुद्धा नाही. आणि एवढं सगळं अशा फुलासाठी, जे बहुतेक वर्षं उगवतच नाही.

बेरिल डार्व्हेल हे काम नवरा गेल्यापासून एकटी करत होती.

टेकडीच्या उतारावर बीच नावाच्या उंच वृक्षांची जुनी झाडी आहे. खाली खडूची पांढरी जमीन, वर पाचोळ्याचा जाड थर आणि डोक्यावर पानांचं छत इतकं दाट की भर ऑगस्टमध्येही आत संध्याकाळ असल्यासारखं वाटतं. त्या अंधारात, पानांशिवाय, हिरव्या रंगाचा ठिपकाही अंगावर नसलेलं एक फिकट ऑर्किड कधीतरी वर येतं. गावात त्याला भूत म्हणतात. भूत कुठं दिसतं हे ज्याला माहीत असतं तो सांगत नाही, आणि जो सांगतो त्याला माहीत नसतं. शहरातून लोक येतात, फोटो काढतात, इथवर ठीक. पण काही जण सुरीही घेऊन येतात.

केन डार्व्हेल लाकूडतोड्या होता. त्यानं बेरिलला मागणी घातली तेव्हा अंगठी आणली नव्हती. तिला उतारावर नेलं, एका वाकड्या बीचच्या मुळाशी बसवलं आणि म्हणाला, "हे फक्त तुला." बेरिलनं भुताकडे पाहिलं, केनच्या फाटक्या बुटांकडे पाहिलं आणि हो म्हणाली.

तिचा स्वभाव मुळातच संशयी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उमेदीची वर्षं काढली. कुणी दुसऱ्यांदा पुडिंग घेतलंय हे ती पोराच्या चालण्यावरून ओळखायची. त्यामुळे या उन्हाळ्यात, कितीतरी वर्षांनी, भूत पुन्हा वर आलं तेव्हा तिला आधी आनंद झाला आणि लगेच धास्ती वाटली. हरणं तर होतीच. पण माणसंही होती. तिनं झाडीच्या खालच्या कडेवरून हेझलच्या झुडपाची एक पानभरली फांदी तोडून आणली आणि भुतावर अलगद तिरकी ठेवली. बी धरेपर्यंत एवढं झाकण पुरे, असं तिला वाटलं.

शनिवारी चर्चच्या भिंतीशी एक अनोळखी गाडी उभी दिसली. बेरिल पाव आणायला निघाली होती. पाव राहिला बाजूला, ती गाडीवाल्याच्या मागं लागली. पस्तिशीचा माणूस, पाठीवर पिशवी, पॅंटच्या गुडघ्यांवर पांढरी माती.

"हरवलात का?" तिनं मागून विचारलं.

तो दचकला. "नाही, नाही. फुलपाखरं बघायला आलोय."

"फुलपाखरं वर, उघड्या माळावर असतात. ऊन लागतं त्यांना."

"हो का? मग जातो की तिकडे."

आणि तो सरळ झाडीत शिरला.

बेरिल त्याच्या मागं. तो थांबला की ती थांबायची. त्यानं वळून पाहिलं की ती बुटाची नाडी बांधायची. तो वर बघतच नव्हता. खाली वाकायचा, पाचोळा बोटांनी उचकटायचा, पुढं सरकायचा. वाकड्या बीचच्या रोखानं तो निघाला तशी बेरिलला राहवेना.

"पिशवीत काय आहे, दाखवा."

"काय?"

"सुरी आहे का?"

"अहो बाई, काहीतरीच काय!"

"मग दाखवा."

त्यानं पिशवी उघडली. आत चार-दोन पत्र्याच्या डब्या. डब्यांत कापूस, आणि कापसावर मसुराएवढे, तांदळाएवढे शंख. गोगलगायींचे. तो म्हणाला, या खडूच्या जमिनीत शंखाला लागणारा चुना भरपूर, म्हणून इथल्या पाचोळ्यात जितक्या जातीच्या गोगलगायी सापडतात तितक्या कुठं सापडत नाहीत. बोलताना त्याचा चेहरा उजळला होता.

"मग फुलपाखरं का म्हणालात?"

"गोगलगायी म्हटलं की लोक हसतात," तो ओशाळून म्हणाला. "आणि तुम्ही का माझ्या मागं येताय?"

"बूट सैल झालाय माझा," बेरिल म्हणाली.

तिनं त्याला गाडीपर्यंत पोचवलं. गाडी वळणाआड जाईतो ती भिंतीशी उभी राहिली, आणि नंतरही थोडा वेळ राहिली. संशयी माणसाला संशय फिटला की चुकल्यासारखं होतं.

सोमवारी सकाळी ती उतारावर गेली, या वेळी वरच्या अंगानं. फांदी जागेवर होती. तिनं ती उचलली. खाली भूत नव्हतं. देठाचं इवलंसं बूड तेवढं होतं, तिरपं, स्वच्छ कापलेलं. गोगलगाय कुरतडते, तेव्हा चिकट माग ठेवते. हरीण ओरबाडतं. आणि दोघांपैकी कुणी नंतर फांदी नीट ठेवून जात नाही. फांदी नीट ठेवली होती, फक्त उलटी. बेरिलनं तिचं तोडलेलं टोक खोडाकडे केलं होतं. आता पानं खोडाकडे होती.

ती तिथंच बसली. उठताना पाचोळा सारखा करायचाही राहिला.

पुढच्या शनिवारी, नेहमीप्रमाणे, ती पबच्या मागच्या अंगणात नॉर्मन प्लेस्टेडसमोर बसली. नॉर्मन केनचा जोडीदार. दोघांनी एकाच करवतीची दोन टोकं धरून अर्धं रान पाडलं होतं. आता नॉर्मनचे गुडघे गेले होते. उतार आपल्याला झेपत नाही, हे तो दर शनिवारी सांगायचा आणि दर शनिवारी दुसरा ग्लासही मागवायचा.

"चेहरा असा का? पाव जळला की काय?" त्यानं विचारलं.

"भूत आलं होतं, नॉर्मन."

"खरं म्हणतेस?" त्यानं ग्लास खाली ठेवला. "आणि मला आज सांगतेस? म्हातारे, मी काय ते भाजून खाणार होतो?"

"कुणीतरी कापून नेलं."

नॉर्मननं खिशात हात घातला. घडीची सुरी काढून तो सफरचंद सोलू लागला. ते तो नेहमीच करायचा. तरी बेरिलचे डोळे सुरीच्या पात्यावर गेले.

"तो गोगलगायवालाच असणार," तो म्हणाला. "गावभर झालंय ते. तू त्याची झडती घेतलीस म्हणे."

"तो नव्हे. त्याला मी गाडीत घालून आले."

"मग दुसरा कुणी. अगं, ओळखायला काय लागतं? बीचखाली साधं गवत उगवत नाही, तिथं हिरवीगार हेझलची फांदी! तू तर पाटीच लावलीस, बेरिल. केन असता तर हसून लोळला असता."

त्यानं सफरचंदाची फोड सुरीच्या टोकावर धरून तिच्यासमोर केली. तिनं ती घेतली. चावली. चव कळली नाही.

फांदीबद्दल तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.

तिला वाटलं, आत्ता बोलावं. पण नॉर्मन तोवर लाल घारी यंदा किती माजल्यात यावर बोलू लागला होता. कुणाच्या तरी ताटातला सॉसेज घारीनं पळवला होता. बेरिल हसली, जिथं हसायचं तिथंच. निघताना त्यानं तिला नेहमीसारखी कोटाची बाही धरून दिली. त्याच्या नखांत माती होती. पण नखांत माती इथं कुणाच्या नसते?

त्यानंतरही ती दर शनिवारी जाते. तिचा चहा येतो, त्याचा ग्लास येतो, सफरचंद निघतं, सुरी निघते. फूल का कापलंस, हे ती त्याला विचारणार नाही. वयानं माणसं काहीही करतात. एखाद्यानं शेवटचं एकदा जवळून बघायला म्हणूनही कापलं असेल, आणि नसेलही. ते सोडलं तिनं. पण घरी परत येताना चढावर दम लागून ती थांबते, वाकडा बीच जिकडे आहे तिकडे न बघता उभी राहते, आणि तिच्या मनात तेच येतं. ती जागा नॉर्मनला केननं दाखवली होती का? आणि दाखवली असेल, तर "हे फक्त तुला" म्हणाला त्याच्या आधी, की नंतर?