परत न आलेला फोटो

जळगावला कॉलेजात आल्यावर मी पहिल्यांदा एखाद्या चित्रकाराचं घर पाहिलं. पिंप्राळ्यात, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आमच्या सरांनी वर्गाला नेलं होतं. हा चित्रकार आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आता रद्दीत सापडलेले फोटो, केळीच्या खोक्यांवरची लेबलं यांवरून मोठी चित्रं करतो. ती मुंबईच्या प्रदर्शनांत जातात.

भिंतीला टेकवलेल्या चित्रात माझी आत्या होती.

मागे स्टुडिओचा पडदा, प्लास्टिकचे गुलाब, खुर्चीवर अवघडून ठेवलेला हात. याच फोटोची दुसरी प्रत धुळ्याजवळच्या आमच्या घरी पेटीत आहे. स्थळाला पाठवायला काढलेला फोटो. मुलगी पसंत नसेल तर तो परत येतो, ही आमच्याकडची रीत. नशिराबादच्या स्थळाकडून तो आलाच नाही. नकार आला नाही, म्हणून घरचे वाट पाहत राहिले. आत्याचं लग्न राहिलं ते राहिलंच.

"हा फोटो कुठला?" मी चाचरत विचारलं.

"रद्दीतला. त्या खोक्यात असे ढीगभर आहेत."

"रद्दी कुठली?"

"नशिराबादची." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "का गं?"

"काही नाही."

तो आत्याच्याच वयाचा असावा. बसमध्ये माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

गावी गेल्यावर आत्याला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती.

"दिसाले कसा शे तो?"

"टक्कल पडलंय."

"मंग बरंच झायं," ती हसली. सुपातला हात मात्र थांबला. "बठ्ठी पोरीस्ना फोटो परत येतस. मना फोटोच नई उना. चित्र राहू दे त्याले. फोटो लई ये."

फोटो आणायला मी एकटीच पुन्हा पिंप्राळ्याला गेले. "त्या चित्रातला फोटो हवा होता. माझ्या आत्याचा आहे."

चित्रकाराने हात पुसले. खोक्याकडे तो वळलाच नाही. कपाट उघडून, घडी घातलेल्या शर्टांखालून त्याने फोटो काढला. आत्याचं नावही विचारलं नाही.

"सांभाळून ने," एवढंच म्हणाला.

आत्याने तो पेटीतल्या प्रतीवर ठेवला, कडा जुळवल्या.

"कोठून काढा त्यानी?"

"खोक्यातून," मी म्हणाले.

तिने फोटोवरून बोट फिरवून धूळ आहे का पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.