टाकीला लागून असलेली टोली

वर्ध्याच्या नालवाडीतला निशांत म्हणजे नकाशांचा वैद्य. कोणाची वेबसाइट उघडेना, नकाशाच्या जागी नुसता करडा चौकोन दिसू लागला, की निशांतला फोन. एकदा तर सिंदी रेल्वे हे गाव कुठल्याशा पोर्टलवर थेट उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात जाऊन बसलं होतं. सगळे हबकले. निशांतनं अक्षांश-रेखांशांची अदलाबदल ओळखली, दोन आकडे इकडचे तिकडे केले, आणि चहा निवायच्या आत सिंदी घरी परत आली. तेव्हापासून गडी जरा चढला. जगातली प्रत्येक अडचण कोडमध्येच असते, असं त्याचं पक्कं मत झालं. लग्न जुळेना, तेव्हाही त्यानं आधी विवाहमंडळाच्या वेबसाइटमधलीच चूक शोधली होती.

मग एका कार्यालयाचं काम आलं. गावोगावची घरं नकाशावर दाखवायची. पाण्याच्या टाकीपासून लांबचं घर लाल, जवळचं हिरवं, आणि लाल घरांना नळ. आर्वीकडच्या एका गावात मात्र नाल्यापलीकडच्या गोंडांच्या टोलीची, म्हणजे वस्तीची, सगळी घरं एकाच ठिपक्यावर, एकावर एक रचलेली. निशांत म्हणाला, ही तर नेहमीचीच भानगड. ठिपके एकमेकांखाली दबले की थोडे पसरवायचे. त्यानं पसरवले, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, आणि सगळे हिरवेगार. कार्यालयातले प्रभाकरराव बेहद्द खूश झाले. एकही पाइप न टाकता टोलीचा प्रश्न मिटला होता.

पण नळ काही येईना. पंचायतीत म्हणाले, नकाशावाल्याला विचार. म्हणून टोलीतली रामबाई एसटीनं नालवाडीला आली. निशांतनं तिला मावशी म्हणून खुर्ची दिली, चहा दिला, आणि मोठ्या कौतुकानं तिचं घर दाखवलं. पहा, अगदी टाकीला लागून!

रामबाईनं पडद्याशी डोळे नेले. "हे तं पंचायत हाय, बापा. मी कवा राह्यली इथं?"

मग सारा उलगडा झाला. मोजणीवाल्यांच्या जिवावर आलं होतं नाला ओलांडायचं. त्यांनी टोलीलाच पंचायतीत बोलावलं आणि ज्याच्या त्याच्या घराचा ठिपका मोबाइलवर तिथंच बसून घेतला. मोबाइल बिचारा खोटं बोलला नव्हता. माणूस जिथं उभा, ती जागा त्यानं लिहिली. निशांतचे कान तापले. एवढी शरम त्याला जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल नाल्याशी लावून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो टोलीत गेला. दारोदार उभं राहून त्यानं खरे ठिपके घेतले. रामबाईनं लांबून आणलेल्या पाण्याचाच त्याला चहा पाजला. स्वारी इतकी खूश, की परतताना मोठमोठ्यानं गाणं म्हणत आली. आता टोली लाल होणार, नळ येणार!

टोली लाल झालीच नाही. गायब झाली. गावाची नकाशातली हद्द नाल्यावरच संपत होती आणि पलीकडे सगळं जंगल. हद्दीबाहेरचं घर यंत्र घेईचना. निशांतनं कोड उलटापालटा केला, पण चूक सापडेना, कारण चूक नव्हतीच. प्रभाकररावांनी फोनवर त्याची समजूत घातली, की आपली योजना गावाची आहे, जंगलाची नाही. चांगली गावात बसलेली माणसं तुम्ही कशाला उठवलीत? आता गावातलीच नाहीत म्हटल्यावर त्यांचं राशन, घरकुल, सगळंच तपासावं लागेल.

निशांतनं रामबाईला फोन लावला आणि अडखळत अडखळत सगळं सांगितलं.

"पाणी तं आमी तसंबी आणतोच," ती म्हणाली. "पण कालवर गावात तं होतो. तू काऊन आलता, बापा? आमाले वापस तिथंच नेऊन ठेव."

निशांतनं ठेवलं. एका बटणाचं काम. टोली पुन्हा हिरवी झाली, आणि प्रभाकररावांनी त्याचे मनापासून आभार मानले. तोवर रामबाई हंडा घेऊन पाण्याला निघालीही असेल.