चिकूवरची कबुतरं

माझ्या धाकट्या बहिणीनं, वुर्यानीनं, बर्फाच्या कारखान्यात लाद्या वाहणाऱ्या कासीरानशी लग्न केलं, तेव्हा मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. मलांगच्या आमच्या गल्लीत चांगले कारकून काय कमी होते? पण पोरीला हाच आवडला. त्यानं डोंगरातून तिला ऑर्किडचा गड्डा आणून दिला. नुसत्या हिरव्या काड्या!

"हे काय, झाडू बांधायला आणलंस?" मी विचारलं.

"फुलं येतात त्याला, यू," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तोही मला यू म्हणायचा.

वुर्यानीनं गड्डा अंगणातल्या चिकूला काथ्यानं बांधला. मातीत लावायचा नाही, पाणी तुंबू द्यायचं नाही, सकाळी तांदळाचं धुवण शिंपडायचं. दोन-तीन वर्षांत खोड झाकून गेलं. फुलं पांढरी, पंख पसरल्यासारखी; आम्ही कबुतरंच म्हणायचो. पण जात महालहरी. कळ्या राईएवढ्या होऊन अडून बसायच्या. एखाद्या दिवशी हवा एकदम गार पडली, की त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी घराघरांतली कबुतरं एकाच सकाळी उघडायची आणि संध्याकाळी मान टाकायची. त्या दिवशी गल्लीत एक अंबाडा मोकळा दिसायचा नाही. वुर्यानी आरशात न बघताच फूल खोचायची, मग ती जाईल तिथं तो वास. आता कुणाच्या अंगणात चिकूच राहिला नाही. आठवलं की जीव कासावीस होतो.

वुर्यानी तापानं गेली, तेव्हा त्यांची लास्मी तेरा वर्षांची होती. कासीराननं दुसरं लग्न केलं नाही. कामावर जाण्याआधी धुवण मात्र न चुकता शिंपडायचा.

लास्मीचं लग्न ठरलं ते ऐन कोरड्या दिवसांत, रविवारी. लगेच नवऱ्याबरोबर सुमात्राला जायचं होतं. पोरीनं बापाकडे एवढंच मागितलं, "बापाक, लग्नात माझ्या केसांत आईची फुलं हवीत."

"या हवेत? डोंबल फुलतंय!" मी म्हटलं.

"गारवाच हवा ना त्यांना?" कासीरान म्हणाला. "तो मी पाठीवर आणतो."

आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी कामावरून सुटला की संध्याकाळी बर्फ टाकायचा, म्हणजे नऊ दिवसांनी रविवार, असा त्याचा हिशोब. मी शहाणी मध्ये पडले. आमच्याकडे सूर्य मावळला की पुढचा वार लागतो. "अरे वेड्या, शुक्रवारी संध्याकाळी शनिवार लागलेला असेल! फुलं सोमवारी उघडतील. तुला शुक्रवार हवा ना? मग गुरुवारी मावळतीनंतर टाक."

"यू, पण झाडाला..."

"मला शिकवू नकोस!"

बिचाऱ्यानं माझं ऐकलं. गुरुवारी दिवस मावळल्यावर त्यानं बर्फाचा चुरा गोणत्यांत भरून फांद्यांना टांगला. खोडावरून गार पाणी ठिबकत होतं आणि तो खाली उभा, हात लालबुंद.

शनिवारी सकाळी मी दार उघडलं आणि वास आला. सगळा चिकू पांढरा झाला होता. लग्न दुसऱ्या दिवशी! मी पायरीवरच बसले. झाडाला कुठला आमचा वार आणि कुठली मावळती!

कासीरान झाडाखाली उभा होता. "संध्याकाळपर्यंत जातील," एवढंच बोलला. मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्या दुपारी नवरीचं न्हाण होतं. न्हाण झालं की बाप लेकीला पाठुंगळी घेऊन घरात नेतो. न्हाऊन बसलेली लास्मी म्हणाली, "बापाक, फुलं आजच घाला."

"ओले आहेत केस. आणि उद्या..."

"उद्या जाईचे गजरे आहेत की. आज घाला."

त्याला कुठलं जमतंय! तीन फुलं चुरगळली, चौथं राहिलं. मग तो खाली बसला, तिला पाठीवर घेतलं आणि चालू लागला. खोलीच्या उंबऱ्याशी तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. फूल त्याच्या कानाशी आलं.

"आईचा वास येतोय ना?" ती म्हणाली.

तो थांबला. आत जाईना, तिला खाली ठेवीना. मागं पाहुणे खोळंबले. एकीनं पुढं ढकलत विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "चला, जेवायला बसा सगळे. राहू दे त्याला."