रेडिएटरला लावलेलं चंदन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही—देवाला ठाऊक असणार म्हणा, त्याच्याच पूजेत घडलं ते. तुम्ही समोर बसला आहात असं समजून सांगतो. हसू आलं तर हसा.

आम्ही मूळचे तंजावरकडचे, घर मैलापूरला. शहराला तेव्हा मद्रास म्हणत आणि मी विशीतला सर्वज्ञ होतो. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एक जुनी काळी मोटार घेतली होती. मोटारीतलं मला सगळं कळतं, हे घरात प्रत्येकाला माहीत होतं—कारण ते मीच सांगत फिरायचो.

त्याच वर्षी थोरल्या अण्णाचं लग्न झालं, सुमतीवैनी घरात आल्या. पाठोपाठ खंडेनवमी आली, म्हणजे इथली आयुधपूजा. लोक अवजारांना, यंत्रांना चंदनाचं बोट लावतात. बोट! माझं बोटभरानं कुठलं भागतंय? मी बॉनेट उघडलं. ओघळू नये म्हणून चंदनात गोंद कालवला, आणि पुढच्या जाळीमागे हात घालून रेडिएटरच्या बारीक बारीक खणांवर असा दाट लेप थापला, की काय सांगू! अप्पा खूश. म्हणाले, "शाबास, इंजिनाला गार वाटेल."

गार?

दिवाळीला नवं जोडपं वैनींच्या माहेरी चेंगलपटला निघालं. पहिला दिवाळसण—पहाटेच्या अभ्यंगाला जावई हजर हवा. मोटार अर्थात मी हाकत होतो. तांबरम ओलांडलं आणि मोटारीच्या नाकातून वाफ! थांबलो, गार होऊ दिलं, पाणी ओतलं, निघालो. पुन्हा वाफ. पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, फटाके संपले होते, आणि वैनींचे वडील तेलाची वाटी घेऊन दारात उभे होते. परततानाही तेच.

मग मी माझी विद्या पाजळली. पंख्याचा पट्टा बदलला, रबरी नळ्या बदलल्या, थर्मोस्टॅट तर काढून फेकूनच दिला. अप्पा रोज कोर्टात जात, आमच्याकडेच राहणारी आत्या देवळात जाई—मोटार अगदी शहाण्यासारखी चाले. वैनी माहेरी निघाल्या की उकळे. लांबच्या रस्त्याला फक्त त्याच जात होत्या, हे साधं गणित मला सुचू नये?

आत्याला मात्र वेगळंच सुचलं. "मी बसले तर तापत नाही, अप्पा बसला तर तापत नाही. अरे, पाणी कसलं तपासतोस? पाय तपासा तिचे!"

पायगुण! शब्द घरात शिरला तो शिरलाच. वैनींना शनिवारचे उपास लागले. दारात मोटार असताना पोंगलला त्या बसनं माहेरी गेल्या—पिशवी मांडीवर घेऊन, अण्णाशिवाय. मीच त्यांना बसपर्यंत पोचवलं. "भाऊजी, खरंच माझ्यामुळे असेल का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "छे, छे." असं, की कुणालाही "हो" वाटावं.

नंतर एका दुपारी घरात सगळे निजलेले असताना मी इंजिन चालू केलं आणि जाळीसमोर वर्तमानपत्राचा कपटा धरला. पंखा वारा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. माझा कपटा सरळ जमिनीवर पडला. वाकून आत पाहिलं—

माझंच चंदन. भाजून वीट झालेलं. वारा जायला जागाच नव्हती.

तेव्हा हाक मारायला हवी होती ना? आत्याला उठवायचं, अप्पांना दाखवायचं, सगळ्यांनी मला हसायचं—बस, एवढंच तर होणार होतं. मी इंजिन गार होऊ दिलं, ऊन पाणी आणलं, जुन्या ब्रशनं एकेक खण खरवडून काढला, आणि चंदनाचं पाणी तुळशीपाशी ओतून हात धुतले.

मोटार पुन्हा कधी उकळली नाही. अप्पा म्हणाले, पोराचं डोकं इंजिनात चालतं. आत्या म्हणाली, उपास फळले. श्रेयाची अशी वाटणी झाली, दोष मात्र एकट्या वैनींकडे राहिला. आणि फळलेले उपास सोडतं कोण?

आत्या गेली, अप्पा गेले, अण्णाही गेला. मोटार तर केव्हाच भंगारात गेली. वैनी अजून शनिवारी जेवत नाहीत. माझ्या मुलाच्या गाडीत बसताना दार धरून विचारतात, "बसू ना?" मुलाला ती थट्टा वाटते. मीही त्याच्याबरोबर हसत आलो.

हे लिहिताना छाती हलकी झाली. इतक्या वर्षांनी आत वारा खेळतो आहे.

उद्या शनिवार. सकाळी वैनींकडे जाऊन हा कागद मोठ्यानं वाचणार आहे. ऐकून त्या काय म्हणतील, ते त्यांचं. मोटार मी तापवली होती.